ओल्या दगडाचा रंग

साच्यातून काढलेला कार्बन फायबरचा भाग पहिल्यांदा पाणी पेपरनं घासला की जीव खट्टू होतो. काल निघाला तेव्हा काळा, चकचकीत होता. आज त्यावर राखाडी, धुरकट साय धरलेली दिसते. विणीचे तिरपे पट्टे कुठे गेले ते कळत नाही. मग घासल्याची पूड पुसायला आपण ओलं फडकं फिरवतो आणि क्षणभर सगळं परत येतं. काळंभोर कापड, त्यातले उभे-आडवे धागे, भाग हातात तिरका केला की एका धाग्यावरून दुसऱ्यावर सरकणारी चमक. पाणी वाळतं तसं पुन्हा राखाडी. ज्यानं हे एकदा पाहिलं त्याला वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, का मारायचा हे सांगावं लागत नाही. कोणता मारायचा, हे मात्र ठरवावं लागतं.

सह्याद्रीतला काळा पत्थर मे महिन्यात करडा दिसतो आणि पहिल्या पावसात काळाकुळकुळीत होतो. देवळातली पाषाणाची मूर्ती तेल लावल्यावर उजळते, तीही याच कारणानं. दगडाचा रंग बदललेला नसतो. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो, आणि त्या विखुरलेल्या पांढऱ्या उजेडातूनच आपण दगडाकडे पाहत असतो. पाणी किंवा तेल खाचा भरून काढतं, वरचा पृष्ठभाग सपाट होतो, उजेड एकाच दिशेला परततो आणि उरलेला आत शिरून रंग घेऊन येतो. क्लिअर कोट म्हणजे न वाळणारं पाणी. काचेच्या कापडाच्या बाबतीत तर ही जादू आणखी पुढे जाते. काच आणि ते कापड बांधणारं इपॉक्सी रेझिन दोन्ही उजेडाला जवळजवळ सारखंच वाकवतात, दोघांचा अपवर्तनांक १.५५च्या आसपास असतो. म्हणून पांढरंशुभ्र कापड रेझिन पिताच नाहीसं होतं आणि खालच्या लाकडाचे रेषे स्वच्छ दिसू लागतात.

हे झालं दिसण्याचं. पण घरी बनवलेल्या भागाला वरचा थर हवा असतो तो राखणदार म्हणूनही, आणि या थराची निवड चुकते ती बहुतेक वेळा इथेच. दुकानात आपण विचारतो, ‘सगळ्यात जास्त ग्लॉस कशाला येतो?’ विचारायला हवं, हा भाग कुठे राहणार आहे? उन्हात, हाताखाली, पाण्यात, की कपाटात? पहिल्या दिवशी चमक सगळ्यांनाच येते.

उन्हापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे ऊनच सगळ्यात कडक परीक्षक आहे. घरगुती कामात आपण जे रेझिन वापरतो ते बहुतेक वेळा इपॉक्सी असतं. त्याच घराण्यातलं ‘अ‍ॅरलडाइट’ स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीनं १९४६ साली बाजारात आणलं, आणि त्याच्या दोन नळ्या आज आपल्या घराघरातल्या खणात सापडतात. बाहेरच्या कुंडीला किंवा पत्र्याला अ‍ॅरलडाइटनं दिलेला जोड वर्षभरानं पाहा. कड पिवळी पडलेली असते. नेहमीच्या इपॉक्सीच्या रेणूत बेन्झिनसारखी कडी असतात, आणि सूर्याच्या अतिनील किरणांतला जमिनीपर्यंत पोचणारा सगळ्यात तीव्र भाग, म्हणजे साधारण २९५ नॅनोमीटरपासून पुढचा, ही कडी शोषून घेतात. बंध तुटतात, पिवळसर संयुगं तयार होतात, आणि पुढे वरचा थर खडूसारखा भुकटी होऊन निघू लागतो. भागाची ताकद लगेच जात नाही. कार्बनचं कापड स्वतःच किरण अडवतं, त्यामुळे नासाडी वरवरच्या थरात थांबते. पण रूप जातं, आणि एकदा धागे उघडे पडले की तिथून पाण्यालाही वाट मिळते.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक नव्या कामाच्या वेळी मी उरलेल्या कापडाची पोस्टकार्डाएवढी पट्टी त्याच रेझिननं बनवतो, तिच्यावर विचारात असलेला थर चढवतो, अर्ध्या भागावर स्वयंपाकघरातला चंदेरी फॉइल घट्ट गुंडाळतो आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याला दक्षिणेकडे तोंड करून बांधून ठेवतो. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की फॉइल सोडायचा. नुसत्या इपॉक्सीच्या पट्टीवर फॉइलची रेघ सुरीनं कापल्यासारखी उमटते. झाकलेली बाजू आरशासारखी, उघडी बाजू मेलेली. बोट फिरवलं तर बोटाला पांढरी पूड लागते. लाकडावर काचेचं कापड चढवलेल्या पट्टीत तर उघडा भाग कोऱ्या चहाच्या रंगाचा होतो; काळ्या कार्बनवर तेच पिवळेपण लपून जातं, एवढाच फरक. हातातल्या डब्यातून फवारलेल्या साध्या लॅकरची पट्टी पहिला उन्हाळा काढते, दुसऱ्यात तिच्या कडा उचलायला लागतात. मोटारीच्या दोन भागांच्या क्लिअरच्या पट्टीवर मात्र फॉइलची रेघ शोधावी लागते.

म्हणून जे ऊन खाणार आहे, म्हणजे मोटारसायकलचं मडगार्ड, सायकलचा भाग, गाडीच्या आरशाचं कवच, त्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: गाड्यांच्या रंगकामात वापरतात तो दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर. गॅरेजात त्याला ‘टू-के’ किंवा नुसतं ‘पीयू’ म्हणतात. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला लावला. पण सगळे पीयू सारखे नसतात, आणि डब्यावरच्या ‘पीयू’ या दोन अक्षरांवर भरवसा ठेवून चालत नाही. दुसऱ्या भागातला, म्हणजे हार्डनरमधला, आयसोसायनेट जर ॲरोमॅटिक जातीचा असेल, तर त्याच्या रेणूतही तीच कडी असतात, आणि तोही उन्हात पिवळा पडतो. ॲलिफॅटिक जातीत ती कडी नसतात, म्हणून तो टिकतो. सुतारकामाच्या दुकानात मिळणारे आतल्या फर्निचरचे स्वस्त पीयू अनेकदा पहिल्या जातीचे असतात. दुकानदाराला ‘बाहेरच्या वापराचा, पिवळा न पडणारा’ असं स्पष्ट सांगावं, आणि शक्य असेल तर त्याचा तांत्रिक माहितीचा कागद मागून हार्डनरची जात वाचावी.

चांगल्या क्लिअरमध्ये आणखी दोन घटक असतात. एक किरण शोषून त्यांची उष्णता करून टाकतो. दुसरा, बंध तुटल्यावर मोकळे सुटलेले रेणूंचे तुकडे पकडून पुढची पडझड थांबवतो. पहिल्याचं काम जाडीवर अवलंबून आहे. थर जितका जाड तितके किरण कमी खाली पोचतात. दोन व्यवस्थित कोट वाळल्यावर साधारण ५० मायक्रॉन जाडी देतात, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. हे लक्षात ठेवलं की शेवटच्या घासकामात आणि बफिंगमध्ये हात आपोआप जपून चालतो. कारण दहा-पंधरा मायक्रॉन घासून काढले तर फक्त चमक वाढत नाही, भागाची छत्रीही तेवढी पातळ होते. ज्याला आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल त्यानं घासायचं ठरवूनच एक कोट जास्त मारावा.

आता या क्लिअरची दुसरी बाजू, आणि ती मी कोणाला डोळेझाक करू देणार नाही. आयसोसायनेट हा शब्द आपल्या देशात १९८४च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर कोणीही सहज वाचू शकत नाही. भोपाळमधलं मिथाइल आयसोसायनेट आणि रंगाच्या हार्डनरमधलं द्रव्य एक नव्हे. भोपाळमधलं ते साधारण ३९ अंश सेल्सिअसला उकळणारं, लहान रेणूचं, भयंकर उडून जाणारं द्रव होतं. हार्डनरमधले रेणू मोठे आणि जड असतात, उघड्या डब्यातून सहज उडत नाहीत. पण रासायनिकदृष्ट्या घराणं तेच, आणि गननं फवारलं की जडपणाचा उपयोग संपतो, कारण बारीक तुषार थेट फुप्फुसात जातात. त्यातून होणारा दमा रंगकाम करणाऱ्यांचा जुना, नोंदलेला व्यावसायिक आजार आहे. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानंही झटका येतो. त्यात वासावरून धोका ओळखता येत नाही. वास येईपर्यंत सुरक्षित मात्रा ओलांडलेली असते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे काहीच करत नाही. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, शेजारच्या खिडकीत कोणाचं बाळ झोपलेलं असताना, हे काम करू नये.

यावर घरगुती माणसाचा सरळ मार्ग असा: घासकाम, भरणं, तयारी सगळं घरी करावं आणि शेवटचा क्लिअर मारायला भाग ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्यावा, ज्याच्याकडे बूथ आणि मुखवटा दोन्ही आहेत. एखाद्या गाडीचं दार रंगवत असतानाच त्याच मिश्रणात आपलं मडगार्ड निघून जातं. मात्र त्याला आधी सांगावं लागतं की हा पत्रा नाही. सवयीनं तो प्रायमरची गन उचलेल, आणि मग विणीला कायमची मूठमाती. एकदा माझा एक भाग असाच छान करड्या प्रायमरमध्ये न्हाऊन परत आला. चूक माझीच, मी काही लिहून दिलं नव्हतं.

हाताखाली राहणाऱ्या वस्तूंचं, म्हणजे पेन ठेवायची पेटी, कीबोर्डचं कवच, वाद्याची मागची पाठ, गणित वेगळं आहे. तिथे ऊन खिडकीपुरतंच. शत्रू म्हणजे नखं, घाम आणि टेबलावरची धूळ. अशा ठिकाणी इपॉक्सीचाच एक पातळ थर ओतून, घासून, बफ केला तरी चालतो. इपॉक्सी इपॉक्सीला घट्ट धरतं, फवारणी लागत नाही, वास कमी. त्याचा मोठा गुण म्हणजे ते खड्डे भरतं. मोठा दोष म्हणजे वजन, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. हिशेब करून पाहा. ५० मायक्रॉनचा पीयू चौरस मीटरला जेमतेम ५५ ग्रॅम भरतो. ओतलेला इपॉक्सीचा थर सहज ०.३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या घरात. आपण वापरतो ते नेहमीचं कार्बनचं कापडच मुळी चौरस मीटरला २०० ग्रॅमचं असतं. चमकेसाठी ओतलेलं रेझिन कापडापेक्षा जड झालं, तर कार्बन वापरायचं कारणच संपतं. मॉडेल विमानं बनवणारे म्हणूनच ओतलेल्या थराला हात लावत नाहीत.

लाकडाच्या पॉलिशवाल्यांकडे मिळणारं मेलामाइनही आतल्या वस्तूंसाठी कडक आणि स्वच्छ निघतं, पण ते ठिसूळ आहे; वाकणाऱ्या पातळ भागावर ते तडकतं, आणि उन्हात नेऊच नये. डब्यातून फवारायचं एकेरी लॅकर सोपं आणि स्वस्त, पण पेट्रोलचा थेंब किंवा सॅनिटायझर लागला की विरघळतं. टाकीजवळच्या भागाला ते लावणं म्हणजे आठवड्याभरात पुन्हा घासायला बसणं. आता काही डब्यांच्या बुडाशी हार्डनरची वेगळी कुपी असते, बटण दाबून ती फोडायची आणि मग फवारायचं. काम खऱ्या टू-केसारखं होतं, पण त्यातही आयसोसायनेट असतो, तेव्हा डबा लहान म्हणून धोका लहान असं समजू नये.

साच्यात आधी पारदर्शक जेलकोट लावून मागून कापड घालायचं, ही होड्या आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्यांची जुनी रीत. पॉलिएस्टर रेझिनच्या कामात ती उत्तमच. पण तयार झालेल्या इपॉक्सीच्या भागावर पॉलिएस्टर जेलकोट लावायचा मोह आवरावा. इपॉक्सीच्या हार्डनरमधली अमाइन त्याचं जमणं बिघडवते; थर चिकट राहतो किंवा नखानं सोलून निघतो.

पाण्यातल्या वस्तूंसाठी मला जुनं मरिन व्हार्निश आवडतं. इंग्रजीत त्याला ‘स्पार व्हार्निश’ म्हणतात. स्पार म्हणजे जहाजाची डोलकाठी आणि शिडाचे वासे. ते वाऱ्यात सतत वाकत, म्हणून त्यांच्यावरचं रोगणही वाकणारं लागे. टंग तेल आणि फिनॉलिक रेझिन हा त्याचा जुना पाया. सीडरच्या पट्ट्यांवर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवून हातानं बनवलेल्या कनूंवर आजही तेच लावतात. ते पीयूइतकं कडक नसतं, आणि तोच त्याचा गुण. वल्हं दगडावर आपटलं तर दबतं, फुटत नाही. ब्रशनं लावता येतं, आयसोसायनेट नाही, खरवडलं तर तेवढंच घासून पुन्हा लावता येतं. बदल्यात ते पाच-सहा पातळ कोट मागतं आणि दर एक-दोन वर्षांनी नवा हात. आणि एक हट्ट: हे व्हार्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, आणि ताज्या, अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीवर काही व्हार्निशं दिवसेंदिवस सुकतच नाहीत. इपॉक्सी पूर्ण पिकू द्यावं, धुवावं, घासावं, मगच ब्रश उचलावा.

कोणताही थर निवडा, त्याचं यश त्याच्या खालीच ठरतं. रंग दोष झाकतो, क्लिअर ते काचेखाली मांडतो. म्हणून तयारीबद्दल जरा सावकाश.

पहिली गोष्ट, धुणं. इपॉक्सीच्या पृष्ठभागावर, विशेषतः दमट हवेत, मेणासारखी ओशट साय येते. हार्डनरमधली अमाइन हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाशी संयोग करते, त्यातून ती बनते. डोळ्यांना अनेकदा दिसत नाही. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. ती पाण्यात विरघळते, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, आणि भरपूर खळखळ. ही साय न धुता नुसता पेपर मारला तर ती घासून घासून खाचांमध्ये बसते. साच्याचं मेणही तसंच, फक्त ते थिनरनं पुसावं लागतं, आणि तेही घासण्याआधी. क्लिअर मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसले, तर समजा कुठेतरी मेण किंवा सिलिकॉन राहिलं.

पुसणं पुरेसं झालं का, याची एक सोपी कसोटी आहे. भाग तिरका धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा पडदा सगळीकडे अखंड राहिला तर पृष्ठभाग तयार आहे. कुठे पडदा फाटला, पाण्यानं अंग चोरून थेंब केले, तर तिथे ओशटपणा आहे. मी ती जागा पांढऱ्या पेन्सिलनं गोल करून ठेवतो आणि फक्त तेवढी पुन्हा धुतो.

दुसरी गोष्ट, पिनहोल. कापडाच्या दोन धाग्यांच्या चौकात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे घासल्यावर उघडे पडतात आणि सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. लोकांना वाटतं, क्लिअर ती भरेल. भरत नाही. फवारलेला थर भोकाच्या काठापाशी येऊन मागे सरतो, भोक तसंच राहतं आणि त्याभोवती एक चमकदार कडं येतं, म्हणजे दोष दुप्पट दिसतो. ती भरायची ती इपॉक्सीनं, हातानं. हातमोजा घालून अंगठ्याखाली थोडं रेझिन घ्यावं आणि भोकावर गोल गोल चोळावं, लहान मुलाच्या डोक्यावर तेल जिरवतात तसं. हवा बाहेर यायला वेळ लागतो. दर चौकाला पाच-सहा वेळा अंगठा फिरवावा लागतो. मग जुन्या एटीएम कार्डाच्या काठानं वरचं जास्तीचं रेझिन ओढून घ्यायचं. मागे राहील ते फक्त भोकात. दिव्याच्या उजेडात भाग तिरका धरून पाहिलं की भरलेली आणि राहिलेली भोकं वेगळी ओळखू येतात. एका मडगार्डाला मला असं तीन संध्याकाळी बसावं लागलं, आणि फवारणी वीस मिनिटांत झाली.

तिसरी गोष्ट, उष्णता. खोलीच्या तापमानाला पिकलेलं घरगुती इपॉक्सी बहुधा ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा काळा भाग ही मर्यादा सहज ओलांडतो. मग काय होतं? रेझिन थोडं हलतं, आणखी पिकतं, आकसतं. कापड मात्र आकसत नाही. काल आरशासारख्या गुळगुळीत असलेल्या पृष्ठभागावर आज विणीचे उंचवटे उमटलेले असतात, हात फिरवला तर गोधडीवरच्या टाक्यांसारखे बोटाला लागतात. क्लिअर निर्दोष असतो, हललेली असते खालची जमीन. यावर एकच इलाज: जे हलायचं ते क्लिअरच्या आधीच हलू द्यावं. लाकडी खोक्यात हीटर किंवा तापणारे दिवे आणि थर्मामीटर ठेवून, तापमान हळूहळू चढवत, रेझिनच्या माहितीपत्रकात दिलं असेल तितकं, सामान्यतः ६० अंशांच्या आसपास, काही तास भाग भाजून काढावा. थंड झाल्यावर वीण उमटलेली दिसेल. आता ती घासा, लागलं तर पुन्हा भरा, आणि मग क्लिअर मारा. ऊन त्या भागाला नवं काही शिकवू शकणार नाही.

घासायचं कुठपर्यंत? शेवटचा पेपर ४०० ते ६०० नंबरचा पुरे. त्याहून गुळगुळीत केलं तर क्लिअरला धरायला काही उरत नाही, कारण पिकलेल्या इपॉक्सीशी त्याची रासायनिक गाठ पडत नाही. तो फक्त ओरखड्यांना धरून बसतो. सगळा पृष्ठभाग सारखा मंद दिसला पाहिजे. एखादा चमकता ठिपका राहिला तर तो खोलगट भाग आहे, आणि उद्याचा पापुद्रा तिथूनच सुटेल. घासताना पाणी सोडत राहावं, कारण कार्बनची कोरडी धूळ फुप्फुसालाही वाईट आणि विजेच्या उपकरणांनाही. ती वीज वाहून नेते, चालू ड्रिलमध्ये शिरली तर आतून शॉर्ट करते. कडा मात्र थोड्या गोल कराव्यात. धारदार कडेवरून ओला थर मागे सरकतो, तिथे तो सगळ्यात पातळ राहतो, आणि बफिंगचं चाक नेमकं तिथेच सगळ्यात जास्त खातं.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द, कारण परदेशी माहितीपत्रकं आपला जुलै धरून लिहिलेली नसतात. पीयूचा हार्डनर पाण्याशीही संयोग करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट हवेत थरात बारीक बुडबुडे अडकतात. एकेरी लॅकरची तक्रार वेगळी. थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर दवासारखं धरतं आणि क्लिअर दुधाळ होतो. रंगकामातला नियम असा की भागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त असावं. मुंबई-कोकणात भर पावसात हे अंतर राखणं अवघड जातं. घाई असेल तर भाग आधी कोमट करून घ्यावा, कंप्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा सापळा लावावा. घाई नसेल तर ऑक्टोबरची वाट पाहावी. मी वाट पाहतो.

मॅट की ग्लॉस, हा आवडीचा प्रश्न, फक्त एक जाणून घ्यावं: मॅट क्लिअरमध्ये सिलिकाचे कण घातलेले असतात, तेच उजेड विखुरतात. त्यामुळे तो बारीक दोष पोटात घेतो, पण त्याला पॉलिश करता येत नाही. घासलं की तेवढाच भाग चमकतो आणि डाग दिसतो. क्लिअरला एक पर्यायही आहे: गाड्यांना लावतात ती पारदर्शक संरक्षक फिल्म सपाट किंवा एकाच दिशेला वाकलेल्या भागावर छान बसते आणि फवारलेल्या क्लिअरपेक्षा दगडाचा मारा सहसा जास्त सोसते. दोन्हीकडून वाकलेल्या लहान भागावर ती ओढून बसवताना धीर सुटतो.

आणि काही भाग पारदर्शक ठेवूच नयेत; विमानांकडे पाहा. १९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचं ‘फोनिक्स’ हे काचतंतूचं ग्लायडर उडालं, १९७५ साली विमानरचनाकार बर्ट रुटान यांचं ‘व्हेरिइझी’ विमान आलं आणि त्याच्या नकाशांवरून लोकांनी गॅरेजमध्ये फोम, काचेचं कापड आणि इपॉक्सी वापरून विमानं बांधली. ग्लायडर असो की घरी बांधलेलं विमान, या घराण्यातली बहुतेक विमानं पांढरी असतात. उन्हात पांढरा पंख गार राहतो आणि इपॉक्सी आपल्या मर्यादेच्या आत. काळ्या, चमकदार पंखाला ती सवलत नाही. ज्या भागावर कोणाचा जीव टांगलेला आहे आणि जो उन्हात उभा राहणार आहे, त्याची वीण कितीही सुंदर असली तरी तिच्यावर पांढरा रंग चढवावा. उलट कनू, वल्हं, वाद्य यांना पारदर्शक थराचा एक न दिसणारा फायदा मिळतो: काचेच्या कापडात थर सुटले की तिथे दुधाळ पांढरा डाग पडतो आणि तो लगेच दिसतो.

आपल्याकडे हे ज्ञान नव्यानं आलेलं नाही. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, घ्या. कापडाला चिंचोक्यांची खळ, त्यावर खडूचा लेप, घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, मग चितारी कलाकारांनी रंगवलेले दशावतार आणि सगळ्यावर लाखेचा थर. कापड, बांधणारं द्रव्य आणि वर हाताचा घाम, घर्षण सोसणारं पारदर्शक रोगण. खेळताना पत्ता सतत बोटांत फिरणार, हे लक्षात घेऊन ते निवडलेलं आहे. त्या पत्त्यावरची लाख दिवसभर उन्हात ठेवायची नव्हती, आणि ती तशी ठेवायला बनवलेलीही नव्हती.

एक शेवटचं काम क्लिअर वाळल्यावर करावं. भाग बिघडणार, खरवडणार, कधीतरी पडणार. तेव्हा त्यावर काय लावलं होतं हे आठवत नाही, आणि लॅकरवर टू-के मारला की खालचा थर आकसून सुरकुततो. म्हणून मी मागच्या बाजूला, जिथे कोणी पाहत नाही, बारीक मार्करनं लिहून ठेवतो आणि वाळलं की त्यावर एक पातळ हात फिरवतो. माझ्या मडगार्डाच्या पोटात चिखलाच्या खाली अजून वाचता येतं: ‘इपॉक्सी, ६० अंश, ८ तास. पिनहोल तीनदा भरले. पेपर ४००. टू-के, तीन कोट, ऑक्टोबर. पुढच्या वेळी कड जास्त गोल करणे.’